कंटेनर डिप्लॉयसाठी टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल, कंपोज का कुबरनेटीस? छोट्या टीमनं कसं निवडायचं, पायरी पायरीनं

संभाजीनगर, लातूर, नांदेडला छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी पोरं-पोरी हल्ली एकच विचारायलेत, टेराफॉर्म घेऊ का अ‍ॅन्सिबल, का थेट कुबरनेटीसच शिकू. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही कारण ही तिन्ही टूल एकमेकांच्या जागेवर बसणारी नाहीतच. एक मशीन उभं करतं, दुसरं त्या मशीनच्या आत सगळं बसवतं, तिसरं त्यावर कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बांधलेलं सॉफ्टवेअर, चालवतं. तुलना करायची तर एकाच थरातल्या टूलची आपसात करायची. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुठल्या थराचा मालक कोण हे ठरवायचं. एका गोष्टीचा मालक एकच टूल, एवढं जमलं तर टूल कुठलंही घ्या, निभतं. हे नाही जमलं तर भारीतलं भारी टूल घेऊनही रात्री दोनला फोन येतोच.

उदाहरण म्हणून मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठीचं एक सॉफ्टवेअर धरू. सौदा झाला, काट्यावर वजन झालं, हमाली-तोलाई कापली, शेतकऱ्याची पट्टी छापून निघाली, एवढं त्याचं काम. आत जँगोचं अ‍ॅप, पोस्टग्रेस डेटाबेस, तात्पुरता डेटा ठेवणारं रेडिस, एक बॅकग्राउंड वर्कर आणि पुढं कॅडी हा वेब सर्वर. वर्षभर बऱ्यापैकी निवांत, पण दसरा-दिवाळीच्या टायमाला सोयाबीनची आवक सुरू झाली की सगळे आडते एकाच वेळी पट्ट्या काढायला बसतात आणि तेव्हा सिस्टीम पाच मिनिटं बंद पडली तरी ट्रॅक्टरवाला शेतकरी तिथं उभा असतो. पुढचं सगळं हे डोळ्यासमोर ठेवून वाचा.

पायरी १ : टूल उघडायच्या आधी कागद

एका पानावर लिहून काढा की काय काय चालतंय, डेटा कुठं बसतो, डिप्लॉय कोण करतं, किती वेळ बंद पडलं तर चालतं आणि मशीन कुठंय, क्लाउडमधी का गिऱ्हाईकाच्या ऑफिसात कपाटाखाली. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडं लई महत्त्वाचा आहे, जालन्याच्या एखाद्या कारखान्यात किंवा बीडच्या दवाखान्यात सर्वर जागेवरच असतो आणि त्याला बाहेरून पोचता येणारा पब्लिक आयपीच नसतो. त्यावर खाली वेगळी पायरी आहे कारण तिथं निवड पूर्ण बदलते.

पायरी २ : खालचा थर, म्हणजे मशीन, नेटवर्क, डेटाबेस

इथं टेराफॉर्म, ओपनटोफू, पुलुमी आणि फक्त एडब्ल्यूएस (अमेझॉनचं क्लाउड) वापरणार असाल तर क्लाउडफॉर्मेशन, एवढे उमेदवार.

टेराफॉर्म हॅशीकॉर्पनं २०१४ मधी काढलं. ऑगस्ट २०२३ मधी त्यांनी लायसन्स एमपीएल वरून बीएसएल केलं, म्हणजे कोड दिसतो पण त्यांच्या प्रॉडक्टशी स्पर्धा करणारी गोष्ट त्यातून विकता येत नाही. त्यातूनच ओपनटोफू निघालं, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली, आणि त्याचं १.६ हे पहिलं स्टेबल व्हर्जन जानेवारी २०२४ ला आलं. स्वतःच्या कंपनीचे सर्वर सांभाळायला दोन्ही चालतात, लायसन्सचा त्रास होत नाही. भाषा तीच, प्रोव्हायडर, म्हणजे क्लाउडशी बोलणारे जोड, तेही जवळपास तेच. तरी नव्यानं सुरू करताना मी ओपनटोफूच घ्या म्हणतो, एक तर ते खरंखुरं ओपन सोर्स आहे आणि दुसरं म्हणजे १.७ पासून त्यात स्टेट फाईल एनक्रिप्ट करता येते, जी सोय टेराफॉर्मच्या फुकट व्हर्जनमधी नाही.

पुलुमीत तुम्ही पायथन, टाईपस्क्रिप्ट, गो अशा खऱ्या भाषेत लिहिता. टीम प्रोग्रामिंगमधी पक्की असंल आणि एकसारखी पन्नास एन्व्हायर्नमेंट बनवायची असतील तर ते भारी पडतं. पण तीन-चार जणांच्या टीममधी एक जण पुण्याला नोकरी लागून गेला की मागं राहिलेल्याला त्याचे क्लास आणि फंक्शन वाचत बसावं लागतं, टोफूची फाईल मात्र नवखा माणूसही वाचतो. म्हणून छोट्या टीमला मी पुलुमी सुचवत नाही.

आता स्टेटबद्दल नीट वाचा कारण या थरातला नव्वद टक्के ताप इथूनच येतो. टोफूनं काय काय बनवलं याची नोंद स्टेट फाईलमधी असते. ती लॅपटॉपवर ठेवायची नाही आणि गिटमधी तर अजिबात टाकायची नाही, कारण एनक्रिप्शन चालू केलं नसंल तर डेटाबेसचे पासवर्ड त्यात उघडे असतात. व्हेरिएबलला सेन्सिटिव्ह म्हणून खूण केली तरी ते फक्त स्क्रीनवर झाकलं जातं, फाईलमधी तसंच राहतं. एस-थ्री बकेट (एडब्ल्यूएसवरची फाईल साठवायची जागा) घ्या, व्हर्जनिंग चालू करा आणि लॉकिंग लावा, म्हणजे दोघं एकाच वेळी बदल करू शकत नाहीत. आधी लॉकसाठी डायनॅमोडीबीचं वेगळं टेबल लागायचं, आता टेराफॉर्म आणि ओपनटोफू दोन्हीच्या १.१० पासून एस-थ्रीमधीच लॉक फाईल ठेवता येते. स्टेट एकच मोठी करू नका. नेटवर्क आणि डेटाबेस एका स्टेटमधी, अ‍ॅपचे सर्वर दुसऱ्या, म्हणजे अ‍ॅपच्या बदलात चुकून डेटाबेसला हात लागायचा प्रश्नच येत नाही.

दुसरी सवय प्लॅन, म्हणजे टूल काय बदलणार त्याची यादी, वाचायची; अप्लाय मारलं की ते बदल खरे होतात. अप्लाय मारायच्या आधी प्लॅनमधी रिप्लेस असं कुठं दिसतंय का ते बघा. एखादी साधी दिसणारी सेटिंग बदलली तरी क्लाउड म्हणतं की हे जागेवर बदलता येत नाही, जुनं पाडून नवं बांधावं लागंल. सर्वरला ते चालतं, डेटाबेसला नाही. डेटाबेसच्या ब्लॉकमधी प्रिव्हेंट डिस्ट्रॉय लावा आणि त्यासोबत क्लाउडचं स्वतःचं डिलीशन प्रोटेक्शनही लावा. दोन्ही लागतात, कारण कुणी तो अख्खा ब्लॉकच फाईलमधून काढून टाकला तर प्रिव्हेंट डिस्ट्रॉयही त्याच्यासोबतच जातं.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे मधीच लाईट जाते किंवा नेट तुटतं. अप्लाय चालू असताना तसं झालं तर लॉक तसाच अडकून राहतो, कधी स्टेट वर चढत नाही आणि फोल्डरमधी एरर्ड डॉट टीएफस्टेट नावाची फाईल पडते. ती फाईल पुसू नका, काय-काय बनून गेलं त्याची नोंद तिच्यातच असते, स्टेट पुशनं ती वर चढवायची. लॉक सोडवायला फोर्स अनलॉक आहे, पण टीममधल्या दुसऱ्या कुणाचं अप्लाय चालू नाही ना हे फोन करून विचारल्यावरच. कायमचा उपाय म्हणजे लॅपटॉपवरून अप्लाय करणंच बंद करायचं, गिटहब अ‍ॅक्शन्स किंवा गिटलॅबमधून करायचं. पुल रिक्वेस्टवर प्लॅन दिसतो, मर्ज झालं की अप्लाय, तुमच्या घरची लाईट असो नसो.

रीजनचं, म्हणजे क्लाउडचे सर्वर कुठल्या भागात आहेत त्याचं, थोडक्यात सांगतो. एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबादचं २०२२ पासून. नांदेड-लातूरला हैदराबाद नकाशावर जवळ दिसतं, पण तुमच्या नेटवाल्याचा रस्ता कुठून फिरून जातो ते नकाशावर दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईकाच्या जागेवरून दोन्हीकडं पिंग मारून बघा आणि तुम्हाला लागणारी सर्विस हैदराबादला आहे का तेही तपासा.

पायरी ३ : मधला थर, मशीनच्या आत

सर्वर उभा राहिला, आता त्यावर डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर), युजर, फायरवॉल, लॉगची सेटिंग, बॅकअपची स्क्रिप्ट. हे काम अ‍ॅन्सिबलचं. एसएसएचवरून (दूरच्या सर्वरवर सुरक्षित लॉगिन) चालतं, सर्वरवर एजंट टाकावा लागत नाही, यामल या साध्या मजकुराच्या फॉरमॅटमधी लिहायचं. विंडोज लॅपटॉप असंल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमधी लिनक्स चालवायची सोय) लागंल, अ‍ॅन्सिबल थेट विंडोजवरून चालवता येत नाही.

टोफू आणि अ‍ॅन्सिबलमधला खरा फरक इथं कळतो. अ‍ॅन्सिबलला स्टेट नसते. तुम्ही प्लेबुकमधून (कामांची यादी असलेली यामल फाईल) एक टास्क काढून टाकला तर सर्वरवरची ती गोष्ट जात नाही, तिथंच राहते. टोफूत ब्लॉक काढला तर वस्तू पाडली जाते. म्हणून अ‍ॅन्सिबलमधी काही काढायचं असंल तर ॲबसेंट असं स्पष्ट लिहून एकदा चालवावं लागतं. आणि चेक मोड व डिफ मोड लावून आधी बघायची सवय ठेवा, प्लॅनची सर त्याला येत नाही पण बरंच कळतं.

डॉकरच्या बाबतीत दोन गोष्टी पहिल्या दिवशीच प्लेबुकमधी घाला. पहिली, लॉग. डॉकरच्या डिफॉल्ट सेटिंगमधी कंटेनरच्या लॉगला मर्यादाच नसते, फाईल वाढत जाते आणि एका दिवशी डिस्क भरून पोस्टग्रेस थांबतं, तेही बरोबर सीझनमधीच कारण तेव्हाच लॉग जास्त पडतो. डीमनच्या जेसन फाईलमधी मॅक्स साईझ आणि मॅक्स फाईल लिहा, आणि लक्षात ठेवा की ती सेटिंग नव्यानं बनलेल्या कंटेनरलाच लागते, जुने कंटेनर परत बनवावे लागतात. दुसरी, फायरवॉल. तुम्ही यूएफडब्ल्यूनं पोर्ट बंद केला आणि कंपोजमधी तोच पोर्ट पब्लिश केला तर तो उघडाच राहतो, कारण डॉकर आयपीटेबल्समधी स्वतःचे नियम थेट लिहितं. पोस्टग्रेस आणि रेडिसचा पोर्ट पब्लिश करायचाच नाही, ते आपसात डॉकरच्या नेटवर्कवर बोलतात. करायचाच झाला तर १२७.०.०.१ ला बांधून. या एका ओळीच्या हलगर्जीनं कित्येक रेडिस इंटरनेटवर उघडे पडलेत.

पायरी ४ : वरचा थर, कंटेनर

आता खरी निवड, कंपोज (एका मशीनवरचे डॉकरचे सगळे कंटेनर एका फाईलमधून चालवणारं) का कुबरनेटीस (अनेक मशीनच्या क्लस्टरवर कंटेनर सांभाळणारं).

आपल्या आडतवाल्या सॉफ्टवेअरसारखं एक-दोन सर्वरवर मावणारं काम असंल तर कंपोज पुरतं, आणि हे मी कमीपणा म्हणून सांगत नाही. एक फाईल, सगळ्यांना कळते, लॅपटॉपवरही तीच चालते. पण ती नीट लिहायला पाहिजे. इमेजला (ज्यापासून कंटेनर बनतो तो साचा) लेटेस्ट टॅग लावू नका, कमिटचा हॅश टॅग म्हणून लावा, म्हणजे आत्ता काय चालू आहे ते गिटमधी दिसतं आणि मागं जायचं तर जुना टॅग लिहून परत चालवायचं. टॅग मागं गेला म्हणून डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतला बदल) मागं जात नाही हे विसरू नका, कॉलम काढून टाकणारं मायग्रेशन नेहमी पुढच्या रिलीजला ढकला. पोस्टग्रेसला हेल्थचेक लावा आणि अ‍ॅपच्या डिपेंड्स ऑनमधी सर्विस हेल्दी ही अट घाला, नाहीतर मशीन रीबूट न होता नुसतं कंपोज अप केलं तरी अ‍ॅप आधी उठून डेटाबेस सापडत नाही म्हणून पडतं. रीस्टार्टला अनलेस स्टॉप्ड.

कंपोजच्या मर्यादाही सांगतो. नवं व्हर्जन टाकताना जुना कंटेनर बंद करून नवा उठतो, त्यात काही सेकंद जातात. कंटेनर अनहेल्दी झाला तर डॉकर नुसती खूण करतं, स्वतःहून रीस्टार्ट करत नाही, रीस्टार्ट फक्त प्रोसेस मेली तरच. आणि सर्वर गेला तर सगळंच गेलं. पट्ट्यांचं काम रात्री बंद असतं त्यामुळं डिप्लॉयचे काही सेकंद आपल्याला चालतात, चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याच्या सिस्टीमला ते चालतीलच असं नाही.

कुबरनेटीस या तिन्ही मर्यादा भरून काढतं. रोलिंग अपडेट होतं, लाइव्हनेस प्रोब (कंटेनर जिवंत आहे का ही तपासणी) फेल गेला की कंटेनर परत उठवतं, एक नोड, म्हणजे क्लस्टरमधलं एक मशीन, गेला तर दुसऱ्यावर हलवतं. २०१४ मधी गूगलनं ते ओपन सोर्स केलं आणि आज सगळ्या क्लाउडवर मिळतं. पण बदल्यात काय मागतं ते बघा. वर्षाला साधारण तीन व्हर्जन येतात, प्रत्येकाला सपोर्ट साधारण १४ महिने, म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड करणारा माणूस टीममधी पाहिजेच. एडब्ल्यूएसच्या ईकेएसला (त्यांचं तयार कुबरनेटीस) नुसत्या कंट्रोल प्लेनचे (क्लस्टर चालवणारा भाग) तासाला ०.१० डॉलर, महिन्याला ७३ च्या आसपास, सर्वरचं बिल वेगळं, आणि अपग्रेड टाळत जुन्या व्हर्जनवर बसून राहिलात तर एक्स्टेंडेड सपोर्टचा रेट तासाला ०.६० डॉलर लागतो. त्यापेक्षा ईसीएस फारगेट (सर्वर न सांभाळता कंटेनर चालवायची एडब्ल्यूएसचीच सोय) घेतलं तर कंट्रोल प्लेनचे पैसे नाहीत, रोलिंग डिप्लॉय मिळतं, फक्त एडब्ल्यूएसला बांधले जाता. ज्यांना शून्य डाउनटाईम पाहिजे पण कुबरनेटीस सांभाळायला माणूस नाही त्यांच्यासाठी मला हा मधला रस्ता सगळ्यात पटतो.

कुबरनेटीसच घ्यायचं ठरलं आणि बजेट कमी असंल तर केथ्रीएस हे हलकं कुबरनेटीस बघा. एकाच बायनरीत सगळं, २ जीबी रॅमच्या मशीनवर उठतं, एकच सर्वर असंल तर इटीसीडी या कुबरनेटीसच्या नेहमीच्या डेटा साठवणीच्या जागी एसक्यूलाईट वापरतं, ट्रॅफिक आत घ्यायला ट्रॅफिक नावाचाच इनग्रेस (बाहेरच्या विनंत्या आत वळवणारा भाग) सोबत येतो. शिकायला तर यापेक्षा चांगलं काही नाही, घरच्या जुन्या पीसीवर चालू होतं.

मग कुबरनेटीसच्या यामल फाईली सांभाळायला हेल्म का कस्टमाइझ? दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बसवायचं, जसं प्रोमिथियस किंवा सर्ट मॅनेजर, तर हेल्म, कारण त्यांचे चार्ट तयार मिळतात. स्वतःचं अ‍ॅप असंल तर कस्टमाइझ, एक मूळ यामल आणि टेस्टिंग-प्रॉडक्शनचे फरक वेगळ्या फोल्डरमधी. ते २०१९ पासून क्यूबकटल या कुबरनेटीसच्या कमांडमधीच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. स्वतःच्या तीन सर्विससाठी हेल्म चार्ट लिहायला बसलात तर यामलच्या स्पेस मोजण्यातच वेळ जातो. आर्गो सीडी आणि फ्लक्स हे दोन्ही गिटमधी जे लिहिलंय ते क्लस्टरमधी आणत राहतात. आर्गोला छान स्क्रीन आहे, नव्या माणसाला काय बिघडलंय ते डोळ्यानं दिसतं, फ्लक्स हलकं आहे. टीम असंल तर आर्गो, छोटं मशीन असंल तर फ्लक्स.

अनेक मशीनवर कंटेनर चालवणारं डॉकर स्वार्म अजून चालतं आणि रोलिंग अपडेट देतं, पण मदत शोधायला गेलात तर लोक कमी भेटतात. त्याच कामाचं हॅशीकॉर्पचं नोमॅड चांगलं आहे, मात्र टेराफॉर्मसोबत त्याचंही लायसन्स बदललं. दोन्हींवर नवं काही सुरू करायला मी सांगणार नाही.

पायरी ५ : हद्द लिहून ठेवा

दोन शेतांमधला बांध कुठंय हे लिहिलेलं नसलं की भांडण ठरलेलं, टूलचंही अगदी तसंच आहे. नेहमी दिसणारी भांडणं सांगतो. ईसीएसची टास्क डेफिनिशन (कुठला कंटेनर कसा चालवायचा त्याचं वर्णन) टोफूत लिहिलेली असते आणि सीआय (कोड बदलला की आपोआप बिल्ड-डिप्लॉय करणारी सिस्टीम) नवी इमेज टाकून नवी रिव्हिजन बनवतं, पुढच्या अप्लायला टोफू म्हणतं हे मी लिहिलेलं नाही आणि जुनी इमेज परत लावतं. उपाय, टोफूमधी त्या फील्डला इग्नोर चेंजेस लावा म्हणजे इमेजचा मालक सीआय. कुबरनेटीसमधी ऑटोस्केलर लोड बघून पॉड (चालू कंटेनरचा गट) वाढवतो आणि तुमच्या यामलमधी रेप्लिका २ लिहिलेलं असतं, दर अप्लायला पॉड परत दोनवर येतात, तेही गर्दीच्या वेळी. ऑटोस्केलर असंल तिथं रेप्लिकाची ओळच काढा. तिसरं, टोफूतून हेल्म रिलीज बसवायची आणि तीच आर्गोतही टाकायची. असं करू नका. टोफूनं क्लस्टर उभा करावा आणि फार तर आर्गो बसवून द्यावा, त्यापुढचं सगळं आर्गोचं. क्लस्टर बनवणं आणि त्याच क्लस्टरमधी कुबरनेटीस प्रोव्हायडरनं वस्तू बनवणं एकाच स्टेटमधी ठेवलं तर पहिल्या प्लॅनलाच अडतं, कारण क्लस्टर अजून नसतोच आणि प्रोव्हायडर त्याला विचारायला जातो.

रीडमीमधी तीन-चार ओळी लिहा, कशाचा मालक कोण, आणि कन्सोलवरून बदल करायचा हक्क शक्य तितक्या लोकांचा काढून घ्या.

पायरी ६ : सर्वर गिऱ्हाईकाच्या जागेवर असंल तर

कारखाना, जिनिंग, दवाखाना. पब्लिक आयपी नाही, नेटवाल्यानं शंभर लोकांना एकाच आयपीमागं बसवलेलं. बाहेरून एसएसएच होत नाही म्हणजे अ‍ॅन्सिबलनं ढकलणं बंद. इथं खेचणारी पद्धत लागते. अ‍ॅन्सिबल पुल म्हणून कमांड आहे, सर्वर स्वतः दर पंधरा-वीस मिनिटाला गिटमधून प्लेबुक घेतो आणि स्वतःवर चालवतो. सिस्टीमडी टायमरनं लावा. नेट दोन तास गेलं तरी काही बिघडत नाही, आलं की पुढचा फेरा होतो. केथ्रीएस असंल तर फ्लक्स हेच करतं. अडचण आल्यावर आत शिरायला वायरगार्ड व्हीपीएनचा टनेल ठेवा, सर्वरनं आपणहून बाहेर जोडलेला.

अशा जागी इमेजचा आकार लई महत्त्वाचा. डॉकरफाईलमधी पॅकेज बसवायची ओळ आधी आणि कोड कॉपी करायची शेवटी, मग नव्या व्हर्जनला फक्त वरचा छोटा लेयर उतरतो. डॉकर हबची फुकट डाउनलोडची मर्यादा लॉगिन नसताना आयपीवर मोजली जाते, आणि तुमचा आयपी शंभर लोकांसोबत वाटलेला आहे, म्हणून लॉगिन करा किंवा स्वतःची रजिस्ट्री ठेवा. यूपीएस घेतलाच असंल, पण बायोसमधी लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंगही लावा, ती कुठलंच टूल लावून देत नाही.

पायरी ७ : सिक्रेट

पासवर्ड आणि चाव्या लिहिलेली एनव्ही फाईल गिटमधी नको. अ‍ॅन्सिबल असंल तर अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट, फ्लक्स असंल तर सॉप्स आणि एज ही एनक्रिप्ट करायची टूल, क्लाउडवर असाल तर त्यांचा सिक्रेट मॅनेजर. कुबरनेटीसचं सिक्रेट म्हणजे नुसतं बेस-सिक्स्टीफोर, ते कुलूप नव्हे, ते यामल तसंच गिटमधी टाकू नका. उघडायची चावी दोन माणसांकडं असू द्या.

पायरी ८ : पाडून परत बांधून बघा

सीझन सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरमधी वगैरे, वेगळ्या अकाउंटमधी रिकाम्या जागेवरून सगळं उभं करा, टोफू अप्लाय, अ‍ॅन्सिबल, कंपोज, आणि शेवटी डेटाबेसचा बॅकअप परत भरून एक जुनी पट्टी छापून बघा. कोडमधून सर्वर परत मिळतो, डेटा मिळत नाही, म्हणून बॅकअप भरायची पायरी यात पाहिजेच. आणि हे काम ज्यानं कोड लिहिला त्यानं करायचं नाही, टीममधल्या दुसऱ्यानं करायचं. तो जिथं अडंल आणि विचारायला येईल, तिथं काहीतरी डोक्यात राहिलंय आणि गिटमधी आलेलं नाही.

सर्वर आधीच हातानी बनवलेला असंल तर

बहुतेकांचं असंच असतं. घाबरून सगळं नवं बांधायला काढू नका. टेराफॉर्म १.५ पासून, आणि ओपनटोफूतही, इम्पोर्ट ब्लॉक फाईलमधीच लिहिता येतो, आणि जनरेट कॉन्फिग हा पर्याय लावला की टूल स्वतः कोडचा कच्चा मसुदा काढून देतं. तो जसाच्या तसा ठेवू नका, नको त्या डिफॉल्ट ओळींनी भरलेला असतो, छाटून घ्या. क्रम असा ठेवा, आधी डीएनएस आणि सिक्युरिटी ग्रुप, मग सर्वर, डेटाबेस सगळ्यात शेवटी. प्रत्येक वस्तू आत घेतल्यावर प्लॅन मारा आणि नो चेंजेस येईपर्यंत कोड दुरुस्त करत राहा, तोवर अप्लायमधी इम्पोर्ट सोडून दुसरा एकही बदल जाऊ देऊ नका. ते आलं की मगच पुढची वस्तू घ्या.